अर्ध्या शब्दावर उठणारं घर

आमच्या वहिनीला कुणी टेलर म्हटलं की तिला राग येतो. "मी नवीन काही शिवत नाही," ती सांगते, "दुसऱ्यांनी शिवलेलं तुमच्या अंगाला बसवून देते." रस्त्याकडच्या खोलीत तिचं अल्टरेशनचं दुकान आहे. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, भिंतीला माणूसभर उंच आरसा आणि आरशासमोर एक चौकोनी लाकडी स्टूल. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. वहिनी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. माझं लग्न झालेलं नाही, आणि कुणी त्याबद्दल विचारलं तर मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनीचा एक नियम आहे. कपडा आणायचा तो माणसासकट. नवऱ्याची पँट घेऊन बायको आली की पँट तशीच परत.

"यांनाच पाठवा."

"अहो, माप लिहून आणलंय की."

"माप उभ्या माणसाचं असतं. तुमचे हे काय दिवसभर उभे असतात?"

मग ते 'हे' येतात, स्टुलावर चढतात, आणि वहिनी त्यांना बसवते, वाकवते, फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करायला लावते. एका वकिलांना तिने तीनदा उठाबशा काढायला लावल्या. वकील तापले, म्हणाले, "बाई, मला घाई आहे." वहिनी तोंडातल्या टाचण्यांसकट म्हणाली, "कोर्टात उभेच राहणार असाल तर न्या मग." वकील मुकाट्याने चौथ्यांदा बसले. तेव्हापासून ते आमचं कायमचं गिऱ्हाईक आहेत.

एवढ्या नियमाची ही बाई पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र चुकली. मीही चुकले, आणि मी तर जास्तच चुकले, कारण मला वाटत होतं की मला सगळं कळतं.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहू दे. ती रांगायची तेव्हापासून दुकानात. चार वर्षांची असताना रिळांचे सगळे रंग तिला ठाऊक, आणि सहाव्या वर्षी तर वहिनीने न बघता नुसता हात मागे केला की हातात खडू हजर. आमच्या घराची रीतच तशी. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. तिथे वर चढलेला माणूस 'अरे तो...' एवढंच म्हणतो आणि खालच्याने बरोबर तोच पाना पुढे करायचा असतो. दादा घरीही अर्धाच शब्द बोलतो. वहिनीच्या तोंडात निम्मा दिवस टाचण्या, तीही अर्धाच बोलते. उरलेला अर्धा शब्द भिंगरी उठून पुरा करते. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. "काय चलाख पोरगी आहे हो!" आणि वहिनी मान खाली घालून टीप मारत म्हणायची, "आमच्या भिंगरीला सांगावं लागत नाही." मान खाली असली तरी ती फुललेली असायची, हे आम्हाला पाठीवरून कळायचं.

आणि शाळेत? दोन गल्ल्या सोडून सरकारी शाळा आहे. तिथे चौथीत गेल्यापासून हिची गाडी जी रुतली ती रुतलीच. वह्या बघाव्या तर निम्मी पानं कोरी. गणित सुरू केलेलं आणि मध्येच सोडून दिलेलं. वाचायला बसवलं तर दुसऱ्या ओळीवर नांगर. प्रगतिपुस्तकात वर्गबाईंनी लिहिलं होतं, 'मुलगी अत्यंत गुणी व मदत करणारी. अभ्यासात फार मागे.' डोळे तपासून झाले, कान तपासून झाले. दोन्ही ठणठणीत. तरी सकाळ झाली की पोट दुखायचं, आणि शाळेची वेळ टळली की आपोआप थांबायचं. मी दवाखान्यात काउंटरवर बसते, मला असली पोटदुखी लांबून ओळखू येते.

एके दिवशी मी तिची वेणी घालत होते. ती आरशात बघून, पाऊस येईल असं सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली, "आत्या, मी ढ आहे ना, म्हणून मला कळत नाही."

"कोण म्हणालं तुला? नाव सांग त्याचं!"

"कुणी नाही गं. मलाच कळलं."

माझा हात थांबला. कुणी म्हणालं असतं तर मी जाऊन त्याचं डोकं फोडलं असतं. पण हिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि तेही न रडता. मला इतकं वाईट वाटलं की मी वेणी अर्धी टाकून वहिनीकडे गेले आणि तिच्यावरच ओरडले. माझं असंच आहे.

त्या दिवशी घरात बैठक बसली. दादा म्हणाला, "काढा तिला. घरी शिकवू." तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. तिथे सातव्या मजल्यावरच्या एका कुटुंबातली दोन्ही मुलं घरीच शिकत होती, आणि त्यांना म्हणे आकाशातल्या सगळ्या ताऱ्यांची नावं पाठ होती. "तारे जाऊ दे," वहिनी म्हणाली, "हिला सात चोक अठ्ठावीस येऊ दे." पण तिलाही पटत होतं. रोजची ती पोटदुखी तिच्याच्याने बघवत नव्हती.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, शहाण्या आहेत. आम्ही भेटायला गेलो तर त्या ना रागावल्या, ना त्यांनी भाषण दिलं. म्हणाल्या, "महिनाभर घरी शिकवून बघा. जागा मी धरून ठेवते. महिन्याने या. शाळा सोडायचीच ठरली तर या फॉर्मवर दोघांनी सही करायची." फॉर्म एका पानाचा होता. एवढ्याशा कागदावर पोरीची शाळा सुटते, म्हणून वहिनीने तो दोनदा उलटून मागून-पुढून बघितला.

आता शिकवणार कोण? दादा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. वहिनी मशीनवर. घरात पदवीधर मी एकटी, माझा दवाखाना दुपारनंतर, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी स्वतःच गळा पुढे केला. चार रंगांच्या शायांनी वेळापत्रक केलं. नवी वही, नवी पट्टी. आतल्या खोल्यांत अंधार असतो म्हणून शाळा भरवली ती दुकानातच, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. पहिल्या दिवशी मी घंटासुद्धा वाजवली. वहिनी म्हणाली, "वन्सं, गिऱ्हाईक दचकतंय." एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं आणि अहो-जाहो सुरू झालं की समजायचं, टिंगल चालली आहे.

पंधरा दिवस मी जिवाचं रान केलं आणि नाकी नऊ आले. मी भागाकार समजावत होते आणि तो तिच्या डोक्यात शिरत नव्हता. म्हणजे शिरतोय असं वाटायचं, आणि दोन मिनिटांनी बघावं तर पाटी कोरी. मी एकदा पट्टी आपटली. एकदा उठून बाहेर फेऱ्या मारल्या.

"वन्सं, तुम्ही ओरडता फार."

"मग तू शिकव!"

"मी शिकवते. बाह्या तुम्ही लावा."

भिंगरी मधोमध बसून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "आत्या, तुला पाणी आणू?" आणि एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यात माझ्याही मनात येऊन गेलं, की असेल बाबा पोरगी खरंच जरा कमी. मी हे कुणाला बोलले नाही. पण त्या दिवशी मी तिचे नेहमीपेक्षा जास्त लाड केले, आणि ती काही बुद्दू नव्हती. तिला ते कळलं असणार.

मग नाचाच्या क्लासच्या बाई आल्या. त्यांच्याकडे मुलींचा कार्यक्रम होता, आणि आठ घेरदार घागरे रेडिमेड आणले होते, ते सगळे पायात येत होते. आठही जणी भिंगरीच्या वयाच्या, तिच्याच अंगाच्या.

"मुलींना पाठवा," वहिनीने नियम सांगितला.

"अहो, त्यांच्या शाळा आहेत! आणि कार्यक्रम आठ दिवसांवर. तुमची ही आहे की उभी, हिच्या अंगावर करा ना."

वहिनीने खूप आढेवेढे घेतले. शेवटी बाई रडकुंडीला आल्या, म्हणून तयार झाली. "पण अंगाला नीट बसले नाहीत तर मला बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी स्टुलावर चढली. वहिनी जमिनीवर बसून घेराला टाचण्या लावायला लागली. एवढा मोठा घेर, दोन बोटांवर एक टाचणी. एक घागरा म्हणजे पाऊण तास. आणि पोरीने पाऊल हलवलं की टाचणी पोटरीत. वेळापत्रकाप्रमाणे ती गणिताची वेळ होती, आणि माझं डोकं फिरलं.

"झालं! आज गणितही गेलं."

वहिनीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने हनुवटीने आरसा दाखवला. म्हणजे, इथेच शिकव की!

मी रागारागाने साबणाची चीप उचलली. गडद कापडावर खुणा करायला वहिनी साबणाच्या झिजलेल्या चिपा वापरते. त्या चिपेने मी आरशावर भिंगरीच्या नाकासमोर गणित लिहिलं. चारशे बत्तीस भागिले तीन. आणि म्हटलं, "कर."

भिंगरी बघत राहिली. पहिलं उत्तर चुकलं. ती थांबली. मी सांगायला तोंड उघडलं, तर वहिनीने खालून माझ्या पायाला चिमटा काढला. भिंगरीने खाली बघितलं, टाचण्या. बाजूला बघितलं, टाचण्या. जायला जागाच नव्हती. मग तिने परत गणिताकडे बघितलं. किती वेळ बघितलं! मी तिला कुठल्याही गोष्टीकडे इतका वेळ बघताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. मग म्हणाली, "आधी चाराला तीनने. एक. उरला एक. तो त्या तिनाजवळ जाऊन बसला, तेरा झाले. चार. परत एक उरला. मग बारा." आणि एकदम, "एकशे चव्वेचाळीस!"

"परत सांग," मी म्हटलं.

"एकशे चव्वेचाळीस. आत्या, अजून एक दे."

मी दिलं. अजून एक दिलं. आरसा भरला, फडक्याने पुसला, पुन्हा भरला. घागरा उतरला तेव्हा पोरीला खाली उतरायचं नव्हतं. "आई, दुसरा लाव ना." चार दिवसांत आठ घागरे झाले, आणि चार दिवसांत वर्षभराचा भागाकार झाला. शेवटच्या दोन घागऱ्यांना मी तिच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिलं. ती मोठ्याने वाचायला लागली. पहिलं पान अडखळत, पाचवं पान बरं, आणि बाराव्या पानावर चोर पकडला जातो तिथे ती इतकी रंगली, की दुकानात आलेले ते वकील छत्री मिटून पुढचं ऐकायला उभे राहिले. गोष्ट संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी जमिनीवर बसूनच हसत होती. आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत होतो, आणि वकील काय झालं म्हणून सगळ्यांना विचारत होते.

पाचव्या दिवशी घागरे संपले. मी मोठ्या तोऱ्यात भिंगरीला टेबलाशी बसवलं. म्हटलं, आता काय, आता मैदान मारलं. आणि तासाभरात सगळं पहिल्यासारखं! मला रडूच यायचं बाकी राहिलं. पण या वेळी मी एक केलं. ती उठली की मी आरशावर साबणाने एक रेघ मारायला लागले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. रागाने असेल. तासाभराने वहिनीने वर बघितलं.

"काय गं त्या रेघा?"

"तुझी लेक तासात चौदा वेळा उठली."

"मी कुठे चौदा वेळा हाक मारली?"

"नाही मारलीस. पाच वेळा मारलीस. उरलेल्या नऊ वेळा ती आपली आपण उठली. रीळ संपत आलं, उठली. तू कात्री खाली ठेवलीस, उठली. गिऱ्हाईक दारात आलं, खुर्ची सरकवायला उठली. माझा पेन खाली पडला, मी वाकायच्या आत ही टेबलाखाली."

मशीन थांबलं. वहिनीने सगळ्या टाचण्या तोंडातून काढून उशीत एक एक खोचल्या. काही महत्त्वाचं बोलायचं असलं तरच ती असं करते. आणि मग ती भिंगरीकडे बघत बसली. आणि भिंगरी, देवा रे, तिने आईचा रिकामा हात बघितला आणि टेबलावरचा खडू आणून त्यात ठेवला.

"मी शाळेत जाऊन बसते," वहिनी म्हणाली. "वर्गात. दिवसभर. अंगावर बघितल्याशिवाय मला कळायचं नाही."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली. भिंगरीला एक दिवसापुरतं पुन्हा वर्गात बसवलं आणि वहिनी शेवटच्या बाकावर. तो बाक नऊ वर्षांच्या मुलांचा, वहिनी अंगाने चांगली भरलेली. एकदा बसली ती मधल्या सुट्टीपर्यंत निघेना. दोन मुलींनी ओढून काढली. दुकान त्या दिवशी बंद होतं. आमच्या माहितीत ते आजवर आजारपण सोडून कधी बंद झालं नव्हतं.

संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर ही चहाचा कप हातात घेऊन नुसती बसलेली. चहा गार. दादा समोर.

"बोल ना," दादा म्हणाला.

"अरे, वर्गबाईंनी खडू शोधायला मान वळवली, की आपली पोरगी खडू घेऊन उभी. वाऱ्याने खिडकी आपटली, ही बंद करायला. शेजारच्या वर्गात हजेरीपट द्यायचा, ही. एका मुलाच्या नाकातून रक्त आलं, त्याला नळावर न्यायला ही. सूचनेची वही चार वर्गांत फिरवायची, ही. बाईंनी फळ्यावर नवीन गणित मांडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत छान समजावलं, मलासुद्धा कळलं! आणि ही कुठे? व्हरांड्यात! आत आली तर फळा पुसलेला. आणि बरं का, कुणी तिला जा म्हणत नाही. ती आधीच उठलेली असते." वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पोरगी ढ नाही रे. पोरगी वर्गातच नसते. आणि हे तिला मीच शिकवलंय. मी चारचौघांत मिरवलंय."

दादाने तिच्या हातातला कप घेतला, चहा परत गरम करून आणला. भिंगरी उठायच्या आत.

वर्गबाईंना वहिनीने सुट्टीनंतर गाठलं होतं. चाळीस पोरांना सांभाळणारी बाई, काय बोलणार? ती म्हणाली, "मला वाटायचं, अभ्यासात नाही तर निदान यात तरी तिला शाबासकी मिळू दे. म्हणून मी तिला कधी बस म्हणाले नाही." मला त्या बाईवर रागवायचं होतं, मी तयारीही करून ठेवली होती. पण असं ऐकल्यावर कसं रागवणार?

तरीही प्रश्न सुटला नव्हताच. महिना संपला, आणि आम्ही चौघं आणि वर्गबाई मोठ्या बाईंच्या खोलीत बसलो. टेबलावर तो फॉर्म. दादाचं म्हणणं, आता दुखणं कळलंय तर घरीच शिकवू, महिन्यात किती पुढे गेली बघा! मी त्याच्या बाजूने. माझा स्वार्थ होता, सांगून टाकते. सकाळी ती आरशासमोर उभी राहून 'अजून एक दे' म्हणायची, ते सुख मला सोडवत नव्हतं. वहिनीचं म्हणणं, घरी तर उठायला जास्तच निमित्तं, दिवसभर काय टाचण्या लावून ठेवायच्या? वर्गबाई म्हणाल्या, मी तिला पहिल्या बाकावर भिंतीकडे बसवेन. मी म्हटलं, पहिल्या बाकावर बसवाल तर खडू अजून जवळ! दादा म्हणाला, तू जरा हळू बोल. मी म्हटलं, मी हळूच बोलतेय! शिपाईसुद्धा दारातून डोकावून गेला. चार मोठी माणसं एका पोरीच्या भल्यासाठी इतकी भांडत होती, की ती पोरगी मध्ये खुर्चीवर बसली आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. वहिनीच्यासुद्धा नाही. नुसतं माप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देणारी बाई ती!

मोठ्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. तिचा महिन्यापूर्वीचा चाचणीचा पेपर बघू आणि मग ठरवू. तो राहिला वाटतं माझ्या कपाटात, तिकडे कार्यालयात." आणि सवयीने, अगदी सवयीने त्या वळल्या. "बाळ, जरा पळत जाऊन..."

भिंगरी उठली.

म्हणजे अर्धी उठली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, अंग वर, पाय जमिनीला लागलेले. वर्गबाईंनी डोळे मिटून घेतले. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

भिंगरीने एकदा दाराकडे बघितलं. एकदा टेबलावरच्या फॉर्मकडे. आणि ती परत खाली बसली. नीट, पाठ टेकवून.

"मोठ्या बाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द पुरे होते. "इथे माझ्याबद्दलच चाललंय ना? मग मी नाही जात. मला ऐकायचंय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर. आता तूच सांग. तुला काय हवंय?"

महिनाभरात तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

भिंगरीने आमच्याकडे बघितलं नाही. सरळ मोठ्या बाईंकडे बघून म्हणाली, "मला शाळेतच यायचंय. माझ्या मैत्रिणी आहेत इथे. पण मला वर्गात बसायचंय. भागाकार मला येतो. पुढचं काय असतं ते मला पहिल्यापासून बघायचंय."

मोठ्या बाई उठल्या. खुर्ची मागे सारली आणि पेपर आणायला स्वतः कार्यालयाकडे निघाल्या, त्या वयात, जवळजवळ पळत. वर्गबाई रुमाल शोधत होत्या. मी इकडे रडत होते, आणि दादा खिडकीबाहेर बघत नाक ओढत होता. आणि आमची वहिनी? तिने मांडीवर दोन्ही हात आपटले आणि इतक्या मोठ्याने हसली की व्हरांड्यातली पोरं दाराशी जमली.

"नाही म्हणाली!" ती त्या पोरांनाच सांगायला लागली. "ऐकलंत का रे? माझी पोरगी नाही म्हणाली!"